ग्रामीण जिल्ह्यातल्या गुन्ह्यांचे आकडे कसे वाचावेत : नवख्यांसाठी पायरी पायरीने

जानेवारी उजाडला की जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात वार्षिक पत्रकार परिषद होते. टेबलावर एक तक्ता फिरतो : खून, खुनाचा प्रयत्न, दरोडा, जबरी चोरी, घरफोडी, चोरी, विनयभंग. शेजारी दोन रकाने, गेलं वर्ष आणि त्याआधीचं. दुसऱ्या दिवशी बातमी येते, 'जिल्ह्यात गुन्हेगारी घटली' किंवा 'खुनांत 50 टक्क्यांनी वाढ'. दोन्ही बातम्यांतला आकडा बरोबर असू शकतो आणि तरी बातमी चुकीची असू शकते.

तालुक्याला नव्याने लागलेला बातमीदार, समाजकार्याचा किंवा कायद्याचा विद्यार्थी, ग्रामसभेत चोऱ्यांचा विषय काढणारा सदस्य, अशांसाठी हा लेख आहे. उदाहरणं महाराष्ट्रातल्या ग्रामीण पोलीस घटकांची आहेत. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे : हे आकडे पोलीस ठाण्याच्या रजिस्टरात काय लिहिलं गेलं त्याचे आहेत. गावात काय घडलं ते त्या रजिस्टरात उतरेपर्यंत बऱ्याच हातांतून जातं. म्हणून आकडा हातात आला की तो उलट्या दिशेने, ठाणे अंमलदाराच्या टेबलापर्यंत न्यायचा.

पायरी 1 : 'जिल्हा' म्हणजे नेमका कुठला, ते ठरवा

महसुली जिल्हा आणि पोलिसांचा घटक एकच असतो असं नाही. नवखे सगळ्यात जास्त इथेच घसरतात.

सोलापूर घ्या. शहराला पोलीस आयुक्तालय आहे आणि उरलेला जिल्हा 'सोलापूर ग्रामीण' म्हणून पोलीस अधीक्षकांकडे. 2011 च्या जनगणनेत अख्ख्या जिल्ह्याची लोकसंख्या 43,17,756 होती आणि सोलापूर शहराची 9,51,558. म्हणजे ग्रामीण घटकाच्या वाट्याला ढोबळमानाने 33.7 लाख लोक येतात. ग्रामीण पोलिसांच्या गुन्ह्यांना कुणी अख्ख्या जिल्ह्याच्या लोकसंख्येने भागलं, तर दर बसल्या जागी पाचव्या हिश्शापेक्षा जास्त कमी दिसेल. पुणे, नाशिक, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, सगळीकडे हीच गत.

रायगडचं प्रकरण आणखी फसवं आहे. तिथे 'ग्रामीण' असं नाव नाही, नुसतं 'रायगड' आहे. पण पनवेल, उरण हा भाग पोलिसांच्या हिशेबी नवी मुंबई आयुक्तालयात येतो. जनगणनेतला रायगड आणि पोलिसांच्या तक्त्यातला रायगड ही दोन वेगळी क्षेत्रं झाली.

लोहमार्ग पोलिसांचा हिशेबही निराळा. दौंड किंवा मनमाड स्थानकात बॅग गेली तर गुन्हा लोहमार्ग पोलिसांकडे, त्यांच्या घटकाच्या आकड्यात. जंक्शनच्या गावात 'चोऱ्या कमी' दिसल्या तर हे आधी तपासा.

काम सुरू करताना अधीक्षकांच्या अखत्यारीतल्या सगळ्या पोलीस ठाण्यांची यादी काढा आणि प्रत्येकासमोर तालुका लिहा. अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण पुढचे सगळे घोळ वाचतात.

पायरी 2 : एक तक्रार ठाण्यात गेल्यावर तिचं काय होतं ते पाहा

तक्त्यापेक्षा हे समजून घ्यायला जास्त वेळ द्या.

एखादा शेतकरी सकाळी विहिरीवर जातो तर पाणबुडी मोटारीची केबल कापून नेलेली. स्टार्टरच्या पेटीतून बाहेर आलेली तेवढी दोन वीत वायर लोंबतेय. बांधापलीकडे जळक्या प्लॅस्टिकचा काळा डाग असतो, कारण चोरांनी वरचं आवरण जाळून नुसतं तांबं भंगारात विकायला नेलेलं असतं. तो पोलीस पाटलाला फोन करतो. पाटील म्हणतात, ठाण्यात जाऊन या. ठाणं वीस-पंचवीस किलोमीटरवर. तिथला ठाणे अंमलदार विचारतो, 'किती फूट होती? पावती आहे का? संशय कुणावर?' मग पुढे चार-पाच वाटा फुटतात.

शेतकरी गेलाच नाही. पिकाला पाणी द्यायचंय, नवी केबल टाकून तो मोकळा झाला. आकडा शून्य.

तो गेला आणि त्याच्याकडून साध्या कागदावर तक्रारी अर्ज घेतला. अर्जाला बारनिशीचा आवक क्रमांक पडला, बीट अंमलदाराकडे चौकशीला गेला. हा अर्ज आहे, गुन्हा नव्हे. वार्षिक तक्त्यात तो कुठेच दिसणार नाही.

अदखलपात्र नोंद झाली, ज्याला सगळे 'एनसी' म्हणतात. तिचं रजिस्टर वेगळं, नंबर वेगळा, आणि न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांनी तपास करायचा नाही. गुन्ह्यांच्या वार्षिक बेरजेत एनसी धरत नाहीत. शिवीगाळ, धक्काबुक्की, चापट मारणे, बांधावरची साधी भांडणं बहुतेक इथेच मुरतात.

प्रथम खबर लिहिली गेली, म्हणजे एफआयआर झाली. आता गुन्हा रजिस्टर नंबर पडला, गु.र.नं. अमुक, सन अमुक. हा नंबर पडला तरच तो शेतकरी आकडा झाला.

इथे 1 जुलै 2024 ची तारीख पक्की लक्षात ठेवा. त्या दिवसापासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. नव्या प्रक्रिया कायद्याच्या परिशिष्टात 5,000 रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाची साधी चोरी अदखलपात्र धरली आहे. आपल्या शेतकऱ्याची केबल साडेचार हजारांची लिहिली गेली तर ती एनसीत जाईल, सहा हजारांची लिहिली तर गुन्ह्यात. ग्रामीण भागातल्या शेळी, ठिबकच्या नळ्या, केबल, डिझेल अशा चोऱ्यांतल्या बऱ्याचशा याच पट्ट्यात असतात. तेव्हा 2024 च्या उत्तरार्धानंतर तुमच्या जिल्ह्यात 'चोऱ्या घटल्या' असं दिसलं, तर त्याच काळात एनसीचं रजिस्टर किती फुगलं हे विचारल्याशिवाय एक ओळही लिहू नका.

नव्या कायद्यात आणखी एक दार उघडलं आहे. तीन वर्षं ते सात वर्षांच्या आत शिक्षा असलेल्या दखलपात्र गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने 14 दिवसांत प्राथमिक चौकशी करून मग नोंद करायची की नाही हे ठरवता येतं. सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात 2013 साली दखलपात्र गुन्ह्याची खबर आली की नोंद बंधनकारक, असं सांगितलं होतं आणि चौकशीला मोजक्याच प्रकारांत मुभा दिली होती. आता ती मुभा रुंदावली. याचा परिणाम प्रत्येक जिल्ह्यात सारखा होणार नाही, तो तिथल्या अधिकाऱ्यांच्या सवयीवर ठरेल.

शेवटची वाट 'कलम हलकं लावण्या'ची. दरोडा कायद्याने पाच किंवा अधिक जणांचा असतो. चार जण असतील तर ती जबरी चोरी. वस्तीवर रात्री तोंड बांधून आलेले नेमके किती होते हे भेदरलेल्या माणसाला कुठे सांगता येतं? फिर्यादीत 'चार अनोळखी इसम' असं आलं की दरोड्याच्या रकान्यात एक कमी. तसंच मोबाईलचं. आठवडी बाजारात मारलेला मोबाईल 'गहाळ' म्हणून नोंदवला की चोरीचा आकडा वाढत नाही. सगळीकडे असंच होतं असा माझा दावा नाही. पण ज्या जिल्ह्यात दरोडे शून्यावर आले आणि जबरी चोऱ्या त्याच वर्षी उसळल्या, तिथे हे दोन रकाने एकत्र करूनच वाचावेत.

पायरी 3 : कुठल्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा, ते ठरवा

सगळे रकाने सारख्या लायकीचे नसतात. खून लपवणं अवघड, म्हणून खुनाचा आकडा सगळ्यात भरवशाचा. तरीही आकस्मिक मृत्यूचं रजिस्टर शेजारी ठेवा, कारण विहिरीत सापडलेलं प्रेत आधी तिथे नोंदवलं जातं आणि शवविच्छेदनानंतर कधी कधी खुनात जातं. वाहनचोरीचा आकडाही बरा असतो. विम्याला एफआयआर लागते, त्यामुळे लोक नोंदीसाठी हट्ट धरतात. प्राणांतिक अपघातांचंही तसंच, भरपाईचा दावा त्यावर उभा असतो.

उलट टोकाला घरातली मारझोड. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत देशभरातल्या 18 ते 49 वयाच्या, लग्न झालेल्या 29.3 टक्के बायकांनी नवऱ्याकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. हिंसा सोसलेल्यांपैकी कुणाकडे तरी मदत मागणाऱ्या साधारण 14 टक्के, आणि ती मदतही बहुतेक वेळा माहेरची. पोलीस ठाण्यापर्यंत पोचणाऱ्या त्यातल्याही थोड्या. एखाद्या तालुक्यात विवाहितेच्या छळाचे गुन्हे वाढले, तर तिथे छळ वाढला की समुपदेशन केंद्र सुरू झालं आणि बायका पुढे यायला लागल्या, हे आकड्यावरून कळत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, स्वतःच्या अहवालातही बजावतो की गुन्हे वाढणं आणि गुन्ह्यांची नोंद वाढणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

गावपातळीवर मिटवामिटवीची जुनी परंपरा आहेच. 15 ऑगस्ट 2007 पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने तिला सरकारी चौकट दिली, वर बक्षीसही ठेवलं. बांधाचे, वाटेचे, भावकीचे तंटे गावातच मिटले तर चांगलंच. पण बक्षिसासाठी गाव 'तंटामुक्त' दाखवायचं असेल तर एखाद्या मुलीच्या वडिलांवर 'ठाण्यात जाऊ नका' असा दबाव येऊ शकतो, हेही ध्यानात ठेवा.

पायरी 4 : आकडे गोळा करा

*एनसीआरबीचा 'क्राइम इन इंडिया'.* एनसीआरबीची स्थापना 1986 ची, पण ही मालिका 1953 सालापासूनची आहे. जिल्हानिहाय तक्ते संकेतस्थळावर मिळतात आणि त्यात 'पुणे ग्रामीण' वेगळं, 'पुणे आयुक्तालय' वेगळं, 'पुणे रेल्वे' वेगळं असतं. अडचण उशिराची : 2022 चा अहवाल डिसेंबर 2023 मध्ये आला आणि 2023 चा थेट 2025 च्या सप्टेंबरअखेर.

*राज्य गुन्हे अन्वेषण विभाग, पुणे.* इथून 'महाराष्ट्रातील गुन्हे' हा वार्षिक अहवाल निघतो. महाराष्ट्रापुरता तो जास्त उपयोगी, कारण घटकनिहाय तपशील सविस्तर असतो.

*जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन.* अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं हे पुस्तक जिल्हा सांख्यिकी कार्यालयात चाळायला मिळतं. बारीक माहिती थोडी, पण लोकसंख्या, पोलीस बळ आणि गुन्हे एकाच ठिकाणी सापडतात.

*राज्य पोलिसांचं नागरिक पोर्टल.* सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये एफआयआर 24 तासांत संकेतस्थळावर टाकायला सांगितलं, दुर्गम भागात 72 तासांपर्यंत सवलत दिली. पोर्टलवर जिल्हा, पोलीस ठाणं आणि तारखा टाकल्या की यादी येते. तालुक्याच्या बातमीदारासाठी सोन्याची खाण आहे ही. फक्त लैंगिक अत्याचार, पोक्सो आणि अन्य संवेदनशील गुन्हे त्यात नसतात. तेव्हा त्या यादीवरून 'आमच्या तालुक्यात महिला अत्याचार नाहीत' असा निष्कर्ष काढायचा नाही.

ठाण्यावार आकडे हवे असतील तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि मजकूर 150 शब्दांच्या आत. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. अर्ज अधीक्षक कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे. मजकूर असा चालतो :

'आपल्या घटकातील सर्व पोलीस ठाण्यांची पुढील माहिती ठाणेनिहाय व वर्षनिहाय मिळावी. कालावधी : 1 जानेवारी 2019 ते 31 डिसेंबर 2024. (1) चोरी या शीर्षाखाली नोंद झालेले गुन्हे. (2) त्यापैकी उघडकीस आलेले. (3) त्यापैकी अ, ब, क समरी मंजूर झालेले. (4) चोरीसंदर्भात अदखलपात्र नोंदी, उपलब्ध असल्यास. माहिती ज्या स्वरूपात उपलब्ध आहे त्या स्वरूपात चालेल.'

(समरी म्हणजे तपास बंद करण्याचे प्रकार, ते पायरी 8 मध्ये येतील.) शेवटचं वाक्य गाळू नका. 'अशा स्वरूपात माहिती संकलित केलेली नाही' हे उत्तर टाळायला त्याची मदत होते. मुदत 30 दिवस, त्यानंतर पहिलं अपील.

पायरी 5 : रकाने उलगडा

महाराष्ट्र पोलिसांच्या बोलण्यात 'भाग 1 ते 5' आणि 'भाग 6' हे शब्द सतत येतात. भाग 1 ते 5 म्हणजे दंड संहितेखालचे, आता न्याय संहितेखालचे गुन्हे. भाग 6 म्हणजे विशेष व स्थानिक कायदे : दारूबंदी, जुगार, शस्त्र, मोटार वाहन असे. हे दोन्ही एकत्र करून 'एकूण गुन्हे' सांगितले की आकडा निरर्थक होतो. भाग 6 चा आकडा बव्हंशी पोलिसांनी किती छापे घातले ते दाखवतो. हातभट्टीवर मोहीम निघाली की तो वाढतो, बंदोबस्तात माणसं अडकली की घसरतो. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात 1 एप्रिल 2015 ला लागू झाली आणि 2021 मध्ये उठली. चंद्रपूरचा भाग 6 या सहा वर्षांच्या आधीचा, मधला आणि नंतरचा असा तीन तुकड्यांतच वाचावा लागतो.

भाग 1 ते 5 मध्येही एक गंमत आहे. बेदरकार वाहन चालवणं आणि निष्काळजीपणाने मृत्यू त्यातच येतात. महामार्ग ज्या जिल्ह्यातून गेला त्याची 'गुन्हेगारी' अपघातांनी वाढते. तुलना करताना हे रकाने बाजूला काढा.

एनसीआरबीचा नियम असा, की एका एफआयआरमध्ये अनेक कलमं असली तरी सगळ्यात गंभीर कलमाखाली एकदाच मोजायचं. भावकीच्या भांडणात कुऱ्हाडीचा घाव, शिवीगाळ, धमकी, बेकायदा जमाव सगळं असलं तरी तक्त्यात फक्त एक 'खुनाचा प्रयत्न'. एकाच घटनेत तिघांचा खून झाला तर गुन्हा एक आणि बळी तीन. तक्ता गुन्ह्यांचा आहे की बळींचा, हे शीर्षक नीट वाचून ठरवा.

अपहरणाच्या रकान्याने भलेभले दचकतात. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हरवलेल्या मुलांच्या तक्रारीवर एफआयआर नोंदवायला सांगितलं, तेव्हापासून अठराच्या आतलं मूल घरातून निघून गेलं तरी अपहरणाचा गुन्हा दाखल होतो. परीक्षेच्या निकालाला घाबरून मामाच्या गावी गेलेला मुलगा आणि प्रेमप्रकरणातून पळालेली सतरा वर्षांची मुलगी दोघंही त्याच आकड्यात, आणि तस्करीत सापडलेलं मूलही त्यातच. म्हणून अपहरणासोबत 'परत मिळाले किती' हा रकाना मागायचाच.

पायरी 6 : दर काढा, पण लहान आकड्यांशी जपून

गुन्ह्यांचा दर म्हणजे दर लाख लोकसंख्येमागे नोंदलेले गुन्हे. गुन्ह्यांना लोकसंख्येने भागायचं आणि लाखाने गुणायचं, गणित एवढंच. लोकसंख्या कुठली घ्यायची हा खरा प्रश्न. शेवटची जनगणना 2011 ची, पुढचीचा संदर्भ दिनांक 1 मार्च 2027. मधल्या वर्षांसाठी एनसीआरबी राज्य पातळीवर अंदाजित लोकसंख्या वापरतो. जिल्ह्यासाठी तुम्ही 2011 चीच घेतलीत तरी चालेल, पण तसं लिहा. सगळे जिल्हे वाढतातच असंही नाही : सिंधुदुर्गची लोकसंख्या 2001 मध्ये 8,68,825 होती, 2011 मध्ये 8,49,651 झाली.

सिंधुदुर्गच पुढे नेऊ. साडेआठ लाखांच्या जिल्ह्यात एक खून म्हणजे दरात सुमारे 0.12 ची भर. समजा एका वर्षी 10 खून झाले आणि पुढच्या वर्षी 15. 'खुनांत 50 टक्के वाढ' हा मथळा तयार. दर मात्र 1.18 वरून 1.77 वर गेला, आणि 2022 मध्ये देशाचा खुनाचा दर होता 2.1. त्या पाच जादा खुनांतले तीन एकाच कुटुंबातल्या जमिनीच्या वादातले असू शकतात. पन्नासच्या खालचा आकडा असेल तर टक्केवारी देऊच नका, आकडाच द्या, आणि निदान पाच वर्षांची रांग दाखवा. याबाबतीत मी हट्टी आहे.

भागाकारातले खालचे लोकही नेहमी जागेवर नसतात. बीडमधली हजारो कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला कोल्हापूर, सांगली, कर्नाटकाकडे जातात. कारखान्याच्या तळावर झालेला गुन्हा त्या जिल्ह्यात मोजला जातो, माणसं मात्र बीडच्या लोकसंख्येत. आषाढीला पंढरपुरात लाखोंची गर्दी होते. तिथे चोरलेलं मंगळसूत्र सोलापूर ग्रामीणच्या खात्यावर, आणि ज्या बाईचं गेलं ती बहुधा दुसऱ्याच जिल्ह्यातली.

आणखी एक : महिलांवरच्या गुन्ह्यांचा दर एनसीआरबी दर लाख महिलांमागे काढतो आणि अनुसूचित जातींवरील अत्याचारांचा दर त्या समाजाच्या लोकसंख्येमागे. हे दर एकूण गुन्ह्यांच्या दराशेजारी ठेवून तुलना करायची नसते.

पायरी 7 : दोन वर्षांची तुलना करण्याआधी मध्ये काय बदललं ते पाहा

हद्दी बदलतात. 15 ऑगस्ट 2018 ला पिंपरी-चिंचवड आयुक्तालय सुरू झालं आणि चाकण, आळंदी, देहूरोड, तळेगाव ही औद्योगिक पट्ट्यातली ठाणी पुणे ग्रामीणमधून निघाली. 2021 मध्ये लोणीकंद आणि लोणी काळभोर पुणे शहराकडे गेली. पुणे ग्रामीणच्या आकड्यांत या वर्षांभोवती उतार दिसला तर त्याचं श्रेय कुणाला द्यायचं? 2014 ला ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, 1 ऑक्टोबर 2020 ला मिरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालय आलं, आणि ठाणे ग्रामीण व पालघर दोन्ही आक्रसले.

वर्षंही सारखी नसतात. 2020 मध्ये देशातले नोंदलेले गुन्हे 28 टक्क्यांनी वाढले, एकूण 66,01,285. टाळेबंदीत लोक घरात होते आणि गुन्हे वाढले? कलम 188 पाहा : सरकारी आदेश मोडल्याचे गुन्हे 2019 मध्ये 29,469 होते, ते 2020 मध्ये 6,12,179 झाले. मास्क नाही, विनाकारण फिरणं, दुकान उघडं. चोऱ्या-घरफोड्या त्या वर्षी उतरल्या होत्या. 2020 हे वर्ष तुलनेचा पाया म्हणून कधीही घेऊ नका. 2021 ला सोयीस्कर 'घट' दाखवायला ते फार वापरलं गेलं.

2024 मध्ये अर्धं वर्ष जुनी कलमं, अर्धं नवी. खून 302 चा 103 झाला, खुनाचा प्रयत्न 307 चा 109, फसवणूक 420 ची 318, विवाहितेचा छळ 498-अ चा 85. हिसकावून नेण्याला नव्याने स्वतंत्र कलम 304 मिळालं. जुन्या कायद्यात 304 म्हणजे सदोष मनुष्यवध होता, तेव्हा नुसता कलमांचा आकडा पाहून बेरीज करणाऱ्याचं काय होईल ते दिसतंच आहे.

पायरी 8 : 'उघडकीस' आणि 'शिक्षा' या शब्दांपाशी थांबा

'गुन्हा उघड' म्हणजे आरोपी निष्पन्न झाला. तो दोषी ठरला असं नव्हे. स्थानिक गुन्हे शाखेने एक टोळी पकडली की 'चौकशीत 14 गुन्हे उघड' अशी बातमी येते. त्या चौदांत शेजारच्या दोन जिल्ह्यांचेही असतात, काही मागच्या वर्षांचे. त्या वर्षाच्या टक्केवारीत ते सगळे कसे धरले, ते विचारा.

आरोपीच मिळाला नाही तर तपास समरीने बंद होतो. 'अ' समरी म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी किंवा पुरावा नाही. 'ब' म्हणजे फिर्याद खोडसाळ. 'क' म्हणजे गैरसमजातली किंवा दिवाणी स्वरूपाची. केबलचोरीचे बहुतेक गुन्हे 'अ'मध्ये जातात. एखाद्या ठाण्यात अत्याचाराच्या फिर्यादी मोठ्या प्रमाणात 'ब'मध्ये जात असतील तर तिथे बातमी आहे, पण एकेक कागद वाचूनच करायची.

दोषसिद्धीचा दर तर हमखास चुकीचा वाचला जातो. 2022 चा दोषसिद्धीचा दर म्हणजे 2022 मध्ये नोंदलेल्या गुन्ह्यांचा नव्हे. त्या वर्षी न्यायालयात ज्या खटल्यांचा निकाल लागला, त्यातल्या किती खटल्यांत शिक्षा झाली ते. त्यातले कितीतरी पाच-दहा वर्षांपूर्वीचे. आजच्या अधीक्षकांची पाठ थोपटायला किंवा कान धरायला हा आकडा कामाचा नाही.

पायरी 9 : पोलिसांच्या वहीबाहेरचं शोधा

सागवान, चंदन, रानडुकराची शिकार हे वनगुन्हे वनखात्याच्या वहीत. अवैध दारूचे बरेच गुन्हे राज्य उत्पादन शुल्क विभाग स्वतः नोंदवतो. वाळूच्या ट्रॅक्टरवर तहसीलदाराने दंड ठोकून सोडला तर ती महसूल खात्याची कारवाई, पोलिसांनी चोरीचं कलम लावलं तर गुन्हा. अवैध सावकारीच्या तक्रारी सहकार खात्याच्या निबंधकांकडे, 2014 च्या कायद्याखाली. नदीकाठच्या तालुक्यात वाळूचा विषय पोलिसांच्या आकड्यांवरून कळणारच नाही, तहसील कचेरीच गाठावी लागेल.

आत्महत्या 'क्राइम इन इंडिया'त नसतात, एनसीआरबीच्या अपघाती मृत्यू व आत्महत्यांच्या वेगळ्या अहवालात असतात. शेतकरी आत्महत्यांचा महसूल खात्याचा आकडा आणखी निराळा, कारण तिथे मदतीसाठी 'पात्र' आणि 'अपात्र' अशी छाननी होते. तीन आकडे तीन ठिकाणी वेगळे आले म्हणजे कुणी खोटं बोलतंय असं नाही. प्रत्येकाने वेगळं काही मोजलंय, आणि कुणी काय मोजलं ते तुमच्या लेखात यायला हवं.

आता पत्रकार परिषदेला जाताना वहीत चार प्रश्न लिहून न्या. एनसी किती नोंदल्या, गेल्या वर्षी किती होत्या? तक्रारी अर्ज किती आले, त्यातल्या कितींचं रूपांतर गुन्ह्यात झालं? वर्षभरात कुठलं ठाणं किंवा गाव या घटकात आलं किंवा बाहेर गेलं? उघडकीच्या टक्केवारीत मागच्या वर्षांचे गुन्हे धरलेत का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं जागेवर मिळणं कठीण. 'नंतर देतो' असं उत्तर आलं तर त्याच संध्याकाळी माहिती अधिकाराचा अर्ज लिहा. नमुना वर दिला आहे, फक्त चोरीच्या जागी एनसी आणि तक्रारी अर्ज घाला.